मदत हवी आहे : कापसाच्या मेसेजमधून वजन अन् भाव वेगळे कसे काढू?

वणीकडच्या एका गावात कापूस खरेदीचा हिशेब माझ्याकडे आहे. शेतकरी व्हॉट्सॲप ग्रुपवर वजन टाकतात. चॅट एक्स्पोर्ट करून पायथनने (प्रोग्रामिंगची भाषा) बेरीज मारायचा विचार आहे. ओळी अशा असतात :

12/11/25, 20:41 - भाऊ, १२ कुंटल ४० किलो झाला, भाव ७,१५० लावजा
12/11/25, 20:55 - 9.60 क्विंटल. भाव 7,200
12/11/25, 21:10 - साडेचार कुंटल, भाव कालचाच

आकडे शोधायला [0-9]+ हा रेगेक्स (मजकूर शोधायचा पॅटर्न) लावला तर तारीख-वेळ वजनात येते, मराठी आकडे मात्र सुटतात. 7,200 चे दोन तुकडे पडतात. ज्यांचे नंबर सेव्ह नाहीत त्यांचा मोबाईल नंबरही बेरजेत! एकट्या माणसाचा कापूस लाखावर क्विंटल दिसला. एवढा माल असता तर तो ग्रुपवर कशाला आला असता?

'सगळ्यांना एकाच पद्धतीने लिहायला सांगा' हे सोडून काही सुचवा राजेहो. सांगून झालंय.

प्रतिसाद :
भाऊ, नुसता आकडा शोधू नका, कुंटलच्या आधीचा आकडा शोधा. तारीख, वेळ, नंबर आपसूक गळतात.

वजन : ([0-9०-९.]+) *(?:क्विंटल|क्विन्टल|कुंटल)
किलो : ([0-9०-९.]+) *किलो
भाव : भाव[^0-9०-९]*([0-9०-९,]+)

कंसातलं ?: खोडू नका, नाहीतर फाइंडऑल (पॅटर्नला जुळणारं सगळं शोधणारं पायथनचं फंक्शन) आकड्यासोबत 'कुंटल'ही जोडीने परत देतं.

एकेक ओळ घेऊनच चालवा. पूर्ण फाईल एकदम दिली तर 'भाव कालचाच' नंतर आकडा सापडेपर्यंत पॅटर्न खाली उतरतो, अन् पुढच्या ओळीतल्या तारखेचा 12 भाव म्हणून हातात देतो. १२ रुपये क्विंटल!

मिळालेल्यातला स्वल्पविराम काढा अन् फ्लोटला (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) द्या. पायथन ३ मध्ये फ्लोटला '१२' अन् '12' दोन्ही समजतात. बॅकस्लॅश-डी (\d, रेगेक्समधली 'कोणताही अंक' ही खूण) वापरलं तरी पायथन ३ मराठी आकडे पकडतो, पण जावास्क्रिप्ट अन् गूगल शीटमध्ये ते फक्त 0 ते 9 पाहतं. म्हणून ०-९ स्वतः लिहिलेलं बरं. शेवटी क्विंटल गुणिले १००, अधिक किलो.

धागाकर्ता :
जमलं बाप्पा! पहिल्या ओळीचे १२४० किलो बरोबर आले. पण साडेचार, पावणेतीन यांचं काय?

प्रतिसाद :
ते रेगेक्सच्या आवाक्यातलं नाही, शब्दांची यादीच करावी लागते. साडेचार ४.५, पावणेतीन २.७५, सव्वातीन ३.२५, दीड १.५, अडीच २.५. यादीत 'दीडशे' अन् 'सव्वाशे' आधी बदला, 'दीड' नंतर. नाहीतर 'दीडशे किलो'चं '१.५शे किलो' होतं अन् माल गायब. अन् ज्या ओळीत कुंटल किंवा भाव हा शब्द आहे पण त्याचा आकडा निघाला नाही, त्या वेगळ्या फाईलमध्ये टाका. 'कालचाच' वाले त्यातच येतील, त्यांचा भाव तुम्हालाच भरावा लागेल.