वहिनीचं बीपी वाढलंय, मग डोळे कशाला तपासायचे?

खानापूरची नणंद
वहिनी पहिलटकरीण, ३४ वा आठवडा चालू आहे. परवा बीपी १५०/१०० निघालं, लघवीत प्रोटीन दोन प्लस. डॉक्टरांनी गोळी चालू केली, प्लेटलेट, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन करायला सांगितलं, वर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. तिला त्रास काही नाही ओ. पाय तेवढे सुजलेत, जोडवी निघेनात. आई म्हणते मीठ बंद कर. भाऊ गोव्यात कामाला, सगळं मलाच बघायचंय. बीपीला गोळी दिली, खरं डोळे आणि लिव्हर कशाला?

निपाणीकर
शेवटी शेवटी सगळ्यांचंच थोडं वाढतं. आठवडाभर गोळी देऊन बघा, मग तपासण्या करा.

सिस्टर मावशी (प्रसूती वॉर्ड, आता निवृत्त)
दादा, असला सल्ला देऊ नका. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर आणि लघवीत प्रोटीन, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. बीपी मोजता येतं म्हणून ते दिसतं. खरं दुखणं बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं.

वारेला रक्त नेणाऱ्या गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. त्या अरुंदच राहिल्या की वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात नको ते पदार्थ सोडते. त्यातलं एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन अस्तर धड ठेवणाऱ्या घटकांनाच पकडून ठेवतं. मग वाहिन्या आखडतात, पाझरतात, प्लेटलेट खर्ची पडतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पाझरलं की लघवीत प्रोटीन, अंगात पाझरलं की सूज. लिव्हरला झळ लागली की उजव्या बरगडीखाली दुखतं, आणि आपल्या बायका पित्त म्हणून सोडा पीत बसतात. वॉर्डात हे बघून बघून कंटाळले मी. डोळ्याच्या पडद्यावर मात्र आखडलेल्या वाहिन्या डॉक्टरांना सरळ दिसतात. काही न कापता वाहिन्या इतक्या नीट बघायची जागा अंगात क्वचितच, म्हणून तिकडे पाठवलंय.

लॅबेटालॉल, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या आकडा खाली आणतात, अस्तर दुरुस्त करत नाहीत. त्याला वारच बाहेर यावी लागते. म्हणून ३७ आठवडे भरले की बाळंतपण करतात, बिघडलं तर आधीच. मीठ बंद करून काही साधत नाही, नेहमीचं जेवण द्या.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं, धाप लागली, बाळाची हालचाल मंदावली किंवा बीपी १६०/११० झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ बोलवा. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दवाखान्यात मिळेल.

खानापूरची नणंद
मावशी, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी चंदगडला न्यायचं म्हणतात. पाठवू का? आणि पुढच्या खेपेला परत होईल?

सिस्टर मावशी
होऊ शकतं. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा, कमी डोसची ॲस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत चालू करतात. बेळगावच्या जेएन मेडिकल कॉलेजनं भाग घेतलेला पहिलटकरणींचा अभ्यास २०२० मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला. सहा देशांतल्या जवळपास १२ हजार बायका होत्या, ॲस्पिरिननं वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली.

माहेराचं डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री रक्त आणि बाळाला काचेची पेटी जिथे मिळेल तिथेच तिला ठेवा. बाळंत झाली तरी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी परत चढतं, तेव्हा घरी आणलीत तरी मोजायचं सोडू नका. चंदगडला गेलीच तर तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, सोबत द्या. कन्नडमध्ये असलं तरी बीपीचे आकडे तिकडचे डॉक्टर वाचतील की.