मदत हवी आहे: गुगलला मजकूर वेगळा भासावा यासाठी वर्डप्रेसचे कोणते प्लगइन वापरावे?

रामबागकर_इंदूर
नमस्कार. माझ्या पाककृतींच्या ब्लॉगवरील मजकूर आणि दुसऱ्या एका साइटवरील मजकूर सारखाच असल्यामुळे गुगल माझी पाने मागे ढकलते. ‘इंदुरी भुट्ट्याचा कीस’ असे शोधले तर ती साइट वर येते आणि माझी बहुधा येतच नाही. मजकुरातील शब्द आपोआप बदलून तो गुगलला नवा वाटेल असे करणारी प्लगइन (वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरे) मिळतात, हे मला ठाऊक आहे. त्यातले एक मी वापरून पाहिले, परंतु मराठीत त्याने घोळ घातला. मराठी नीट समजणारे, शक्यतो फुकट असे प्लगइन कोणी सुचवेल का? दिवाळीच्या आत हे व्हायला हवे, कारण फराळाच्या पाककृती लोक तेव्हाच शोधतात. मजकूर सारखा असणे योग्य की अयोग्य ही चर्चा नको, फक्त नाव हवे.

चौकस
नाव सांगता येईल, पण त्याआधी मजकूर मूळचा कोणाचा आहे ते कळायला हवे. आपण तो त्या साइटवरून घेतला, की त्यांनी आपल्याकडून? आधी कोठे प्रसिद्ध झाला? पोस्ट किती आहेत? सर्च कन्सोल (आपली पाने गुगलला कशी दिसतात ते साइटमालकाला दाखवणारी गुगलची सेवा) जोडलेले असल्यास पत्त्याच्या तपासणीत गुगलने कोणते पान मूळ मानले आहे, तेही येथे लिहावे.

जुना वेबवाला
प्रश्नाचा रोख पाहता मजकूर उचललेला आहे हे उघड दिसते. पाककृती सगळ्यांची असली तरी ती सांगणारे वाक्य लिहिणाऱ्याचे असते आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण त्या वाक्याला मिळते. शब्द फिरवून ही जबाबदारी टळत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

रामबागकर_इंदूर
काका, उचललेला काहीही नाही. पाककृती माझ्या मावशीच्या आहेत, तिनेच वहीत लिहिल्या आणि मी टंकित केल्या. एकूण १४० पोस्ट आहेत. त्यांपैकी ६० आमच्या मंडळाच्या साइटवरही आहेत, कारण त्या आम्हीच मंडळाला दिल्या होत्या. सर्च कन्सोलमध्ये ‘डुप्लिकेट, गुगलने वेगळे कॅनॉनिकल निवडले’, म्हणजे मूळ पान म्हणून दुसरेच मानले, असे येते. आता तरी प्लगइनचे नाव सांगावे.

फोडणीवाली
त्या प्लगइनने मराठीत नेमका काय घोळ घातला, ते लिहाल का? माझ्या मैत्रिणीच्या शिवणकामाच्या ब्लॉगवर अशाच एका प्लगइनने ‘काज’ या शब्दाचे ‘कार्य’ केले होते आणि बाया बटणाला कार्य कसे करायचे ते विचारू लागल्या होत्या.

रामबागकर_इंदूर
‘लिंबाचा रस पिळा’ याचे ‘लिंबाची गोडी पिळा’ झाले आणि ‘दाण्याचे कूट’ याचे ‘दाण्याचे कोडे’. मावशीने वाचले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

जुना वेबवाला
माझा आरोप मी मागे घेतो. मात्र शब्द फिरवल्याने आपले काम का होणार नाही, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. दोन पाने जवळजवळ सारखी आहेत हे ओळखण्यासाठी शोधयंत्र ती अक्षरशः ताडून पाहत नाही. एक जुनी पद्धत अशी, की लागोपाठच्या काही शब्दांचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडायचे आणि दोन्ही पानांत किती तुकडे समान आहेत ते मोजायचे. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण पानाचा एक छोटा ठसा काढतात, ज्यात थोडा मजकूर बदलला तर ठसाही थोडाच बदलतो. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आठ अब्ज पानांच्या साठ्यासाठी ६४ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ६४ अंकांचा) ठसा आणि तीन बिटांपर्यंतचा फरक पुरेसा ठरतो, असे दाखवले होते. आज गुगल नेमके काय वापरते ते बाहेर कोणी सांगत नाही, परंतु चारदोन शब्द बदलून निसटता येईल अशी अपेक्षा तेव्हाही व्यर्थ होती. निसटण्याइतके शब्द बदलावेत, तर कीस शिजणार नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे, मजकूर सारखा आहे एवढ्यावरून गुगल शिक्षा करत नाही, हे त्यांनी २००८ सालीच स्पष्ट केले आहे. सारख्या पानांचा गट करून त्यातले एक दाखवले जाते, इतकेच. आपल्या गटात मंडळाचे पान निवडले गेले आहे. म्हणून मंडळाच्या पानांवर आपल्या पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल टॅग घालावा. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी तो २००९ साली याच कामासाठी आणला.

सावली
कॅनॉनिकल हा केवळ इशारा आहे, आज्ञा नव्हे. मंडळाच्या पानाची मांडणी, बाजूचे स्तंभ आणि खालचे दुवे वेगळे असतील तर गुगल तो इशारा मानेलच असे नाही. याच कारणासाठी २०२३ साली गुगलने आपल्या मार्गदर्शनात बदल करून, दुसऱ्याला मजकूर दिला असेल तर त्याने आपले पान नोइंडेक्स करावे, म्हणजे ते निकालात दाखवू नये अशी खूण त्यावर घालावी, असे सुचवले. त्यामुळे मंडळाच्या त्या ६० पानांना नोइंडेक्स करणे हाच खरा उपाय आहे.

जुना वेबवाला
सावलीताई, माझ्या तीन ग्राहकांच्या साइटवर कॅनॉनिकलने व्यवस्थित काम झालेले आहे.

सावली
त्या तिन्ही साइट एकाच मालकाच्या आणि एकाच साच्याच्या असतील, तर होणारच. येथे मंडळ वेगळे आहे.

वेगवान
माझ्या मते मूळ दुखणे वेगाचे आहे. पाककृतींची छायाचित्रे वेबपी या हलक्या स्वरूपात करून, तयार पान साठवून लवकर दाखवणारे चांगले कॅश प्लगइन बसवावे. माझी साइट सहा सेकंदांवरून दोन सेकंदांवर आली.

चौकस
वेगाचा येथे संबंध नाही. मात्र रामबागकर, आपल्या स्वतःच्या साइटवरही वर्डप्रेस एकच पोस्ट प्रवर्ग, टॅग, महिना आणि लेखक अशा अनेक यादीपानांवर दाखवते. तेथे संपूर्ण पोस्ट दिसत असेल तर फक्त सारांश दिसेल असे करावे. ती पाने रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) अडवण्याचा मोह टाळावा, कारण अडवलेले पान गुगलला वाचताच येत नाही आणि त्यावरील नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. ते शब्द फिरवणारे प्लगइन आता बंद आहे ना?

अक्षरजुळणी
कोणी नवे प्लगइन सुचवण्याआधी एक धोका सांगून ठेवतो. यातली काही प्लगइन शब्द न बदलता अक्षरांच्या मध्ये न दिसणारी शून्य रुंदीची चिन्हे पेरतात. रोमन लिपीत त्याने वाचणाऱ्याला फरक पडत नाही, परंतु देवनागरीत हीच चिन्हे जोडाक्षराचे रूप ठरवतात. जुन्या पद्धतीने टंकित केलेल्या ‘दुसर्‍या’ या शब्दात असे एक चिन्ह दडलेले असते. ते काढले की ‘दुसर्या’ होते, आणि भलत्या जागी पेरले की जोडाक्षर मोडून मध्येच पाय मोडलेले अक्षर उभे राहते.

रामबागकर_इंदूर
चौकस यांना उत्तर: प्लगइन चालू आहे. पहिल्या ११ पोस्टवर ‘कायम बदल’ हा पर्याय वापरला होता, त्यात मघाचा घोळ झाला. नंतर त्यातच ‘फक्त शोधयंत्राला बदललेला मजकूर दाखवा’ असा पर्याय सापडला, तो बाकीच्या पोस्टना लावला. वाचकांना मूळ मजकूर दिसतो, त्यामुळे मावशीची तक्रार नाही.

सावली
हे आपण पहिल्या प्रश्नातच लिहायला हवे होते. शोधयंत्राला एक आणि वाचकाला दुसरे दाखवणे यालाच क्लोकिंग म्हणतात आणि गुगलच्या स्पॅम धोरणात त्याला थेट मनाई आहे. मजकूर सारखा असल्याने फक्त एक पान मागे राहते, परंतु क्लोकिंगमुळे संपूर्ण साइट यादीबाहेर जाऊ शकते. कृपया ते प्लगइन आत्ता, हे वाचत असतानाच, बंद करा आणि सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) या भागात काही नोंद आहे का ते पाहा.

रामबागकर_इंदूर
बंद केले आणि काढूनही टाकले. त्या भागात ‘कोणतीही समस्या आढळली नाही’ असे दिसते.

चौकस
सुटलात. आता मंडळाच्या साइटची तांत्रिक बाजू जे सांभाळतात त्यांना विनंती करून ती ६० पाने नोइंडेक्स करून घ्यावीत. त्यांच्याकडे योस्ट किंवा रँक मॅथ यांपैकी शोधासंबंधीचे प्लगइन असेल, तर प्रत्येक पोस्टच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतोच. मंडळाची साइट कोण सांभाळते?

रामबागकर_इंदूर
मीच.

फोडणीवाली
अहो दादा!

जुना वेबवाला
म्हणजे मालक जवळजवळ एकच निघाला. अशा स्थितीत कॅनॉनिकलही चालेल, हे मी नम्रपणे नोंदवतो. किंबहुना मंडळाची ती पाने सरळ काढून टाकून कायमचे रीडायरेक्ट आपल्या ब्लॉगकडे द्यावे, म्हणजे तो पत्ता उघडणारा आपोआप तेथे पोचेल, आणि प्रश्नच मिटेल.

सावली
काढून टाकू नयेत. मंडळाचे सभासद ती पाने थेट मंडळाच्या साइटवर जाऊन वाचतात. नोइंडेक्स केल्याने ती त्यांना दिसत राहतील, केवळ गुगलच्या निकालातून जातील. समितीच्या कानावर मात्र घालावे.

रामबागकर_इंदूर
अध्यक्षांना फोन केला. गुगलमध्ये मंडळाचे पान दिसते हेच त्यांना माहीत नव्हते. ६० पाने नोइंडेक्स करून आज चार दिवस झाले, पण कीसच्या शोधात अजून मंडळच वर आहे.

चौकस
गुगल ते पान पुन्हा वाचेपर्यंत जुनाच निकाल राहणार. मंडळाच्या साइटच्या सर्च कन्सोलमध्ये महत्त्वाच्या पाच-सहा पानांचे पत्ते टाकून पुन्हा वाचनाची विनंती करावी आणि उरलेल्यांची वाट पाहावी. घाई असेल तर तेथेच तात्पुरते काढण्याची सोय आहे, ती साधारण सहा महिने टिकते. मंडळाचेच पत्ते घालावेत, चुकून आपले नव्हे.

रामबागकर_इंदूर
कीस आणि चकली या दोन शोधांत आज माझे पान आले. सर्वांचे आभार. एक शेवटचा प्रश्न: ‘कायम बदल’ झालेल्या त्या ११ पोस्टचा मूळ मजकूर परत कसा मिळवावा? जागा वाचावी म्हणून पोस्टच्या जुन्या आवृत्त्या साठवणे मी पूर्वीच बंद केले होते, आणि मावशीची वही सध्या उज्जैनला तिच्या लेकीकडे आहे.

फोडणीवाली
त्या ११ पाककृती मंडळाच्या साइटवर आहेत का?

रामबागकर_इंदूर
पाहतो. नऊ आहेत. तिथे रस रसच आहे आणि कूटही कूटच. उरलेल्या दोन मावशीला फोनवर विचारतो, बोलली तर.