डिलनचं मूळ गाणं कच्चं नाही

'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या गाण्याच्या कव्हर्सबद्दल (म्हणजे इतरांनी सादर केलेल्या आवृत्त्यांबद्दल) बोलताना कुणीतरी अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या मूळ गाण्याला 'कच्चा खर्डा' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. १९६७ चं ते ध्वनिमुद्रण जेमतेम अडीच मिनिटांचं. गिटार, हार्मोनिका, बास, ड्रम्स, बस्स. तेच तीन कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सुरांचे गट) शेवटपर्यंत फिरत राहतात. शेवटच्या ओळींत दोन घोडेस्वार येताना दिसतात, वारा घोंगावायला लागतो आणि गाणं तिथेच संपतं! एवढी मोकळी जागा ठेवली होती म्हणूनच १९६८ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला त्याच्या कव्हरमध्ये तिथे वादळ उभं करता आलं.

त्याच्या कव्हरमधला मधला लांब गिटार सोलो हेडफोन लावून ऐकाच. आधी सरळ वाजवणं, मग तारांवरून घरंगळणारी स्लाइड, मग वाह-वाह (पायाने दाबायच्या पेडलमुळे सूर 'वा-वा' बोलल्यासारखे वाजतात) आणि शेवटी नुसते कॉर्ड्सचे फटकारे. प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा. मागे डेव्ह मेसन या इंग्लिश संगीतकाराची १२ तारांची अकूस्टिक गिटार आहे, तिच्याकडेही लक्ष द्या.

यू टू या आयरिश बँडचं 'रॅटल अँड हम' अल्बममधलं कव्हर मला घाईघाईचं वाटतं. खुद्द डिलन मात्र १९७४ च्या दौऱ्यापासून हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. यापेक्षा मोठी दाद कुठल्या कव्हरला मिळाली असेल?