बडोद्यात लग्नाला 38 पाहुणे येतायत, अडीच दिवसांत काय दाखवावं? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रंगमहाल वाडी

लग्न बडोद्यात, पाहुणे पुणे, नाशिक आणि नागपूरचे. एकूण 38 जण, त्यांत सत्तरीपुढचे 7 आणि दहाच्या आतली मुलं 5. उतरायची सोय सयाजीगंजात, स्टेशनजवळ. कार्यालय कारेलीबागेत.

बहुतेक सगळे शनिवारी सकाळी पोचतील. सीमांतपूजन रविवारी संध्याकाळी 6 ला, लग्न सोमवारी दुपारी, परतीची गाडी मंगळवारी रात्री साडेदहाला. म्हणजे शनिवारची दुपार-संध्याकाळ, रविवारी साधारण 2 वाजेपर्यंत आणि मंगळवार अख्खा मोकळा. घरचं कोणी सोबत जाऊ शकणार नाही. यादी आली आहे ती अशी: राजवाडा, स्टॅच्यू ऑफ युनिटी, पावागड, कमाटीबाग, बांधणीची खरेदी. कुठल्या दिवशी काय बसेल? माहीतगारांनी नेमकं सांगावं.

दांडियाबाजार

आधी सोमवार बघा. लक्ष्मीविलास राजवाडा, त्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी ही तिन्ही सोमवारी बंद असतात. लग्न सोमवारी आहे म्हणून तुमचं त्यात काही बिघडत नाही, पण कोणी "लग्न लागलं की संध्याकाळी राजवाडा करू" म्हणालं तर आत्ताच सांगून ठेवा. त्यामुळे रविवार सकाळ राजवाड्याला आणि मंगळवार स्टॅच्यूला, यात बदल नको.

रविवारी दार उघडायच्या वेळेलाच पोचा. राजवाड्याचं आणि म्युझियमचं तिकीट वेगवेगळं आहे, आणि राजवाड्यात ऑडिओ गाइडचं यंत्र प्रत्येकाच्या हातात दिलं जातं. 38 जण एकदम खिडकीशी गेले की यंत्रं वाटण्यातच अर्धा तास जातो आणि ज्येष्ठ मंडळी उभी राहून दमतात. म्हणून दोन तुकड्या करा, एक राजवाड्यापासून सुरू करेल, दुसरी म्युझियमपासून, नंतर अदलाबदल. दोन्हींमधलं अंतर पायी जाण्यासारखं असलं तरी आवार फार मोठं आहे, ज्येष्ठांसाठी गाडी आत ठेवा. राजवाड्याच्या आत फोटो काढू देत नाहीत. हे गाडीत बसतानाच सांगितलं की दारात वाद होत नाहीत. फोटो बाहेर, हिरवळीवरून.

राजवाडा 1890 मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर मँटचा, त्याच्या मृत्यूनंतर काम चिझमने पूर्ण केलं. दरबार हॉलमध्ये मान वर करून खिडक्यांच्या रंगीत काचा बघतात सगळे, खालच्या मोझेकच्या जमिनीकडे बघायचं राहून जातं.

पण मला विचाराल तर वेळ कमी पडला तर राजवाड्यातला अर्धा तास कापा, म्युझियममधला नको. सयाजीरावांनी 1888 मध्ये राजा रविवर्म्याकडे पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं सांगितली होती. रविवर्म्याची मोठी मूळ तैलचित्रं या म्युझियममध्ये आहेत. आपल्या आज्यांच्या देवघरात जी छापील चित्रं होती, त्यांच्यामागचा हात इथे समोर दिसतो. 'सीता भूमिप्रवेश' आणि 'शंतनू-मत्स्यगंधा' यांच्यासमोर पाहुण्यांना दोन पावलं पुढे जायला सांगा. लांबून जो जरीचा काठ वाटतो, तो जवळून पिवळ्या-तपकिरी रंगाचे तुटक फटकारे असतात, आणि पुन्हा मागे आलं की ते जर होऊन चमकतात. छापील प्रतीत हे कधीच उतरलं नाही.

साडेबाराला तिथून निघा. दुपारी 3 नंतर बायकांना नेसायला, केसांना वेळ लागतो आणि सीमांतपूजनाला वरपक्षाचेच पाहुणे उशिरा पोचले तर बरं दिसत नाही.

पाणीगेट

पावागडाबद्दल. शनिवारी दुपारी ओढूनताणून बसवू नका. अंतर 50 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं. घोळ वर गेल्यावर होतो. पायथ्याच्या चांपानेरहून डोंगरावरच्या माचीपर्यंत गाडी किंवा एसटी, माचीहून रोपवे, आणि रोपवेतून उतरल्यावरही कालिकामातेच्या देवळापर्यंत बऱ्याच पायऱ्या उरतात. "रोपवे आहे ना" म्हणून गुडघे दुखणारी माणसं निघतात आणि देवळाखाली अडकतात. शनिवार-रविवार, पौर्णिमा आणि नवरात्रात माचीला लांब रांग असते, वारा जोराचा असला की रोपवे थांबवतात.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी मंगळवारी स्टॅच्यू सोडून पावागड करावा, पहाटे 6 ला निघून. खाली चांपानेर मात्र चुकवू नये. 2004 पासून ते जागतिक वारसा आहे, आणि जामा मशिदीच्या छताचं नि खांबांचं कोरीवकाम बघायला एकही मोठा चढ नाही. पायऱ्या नको असलेल्या ज्येष्ठांना तिथे थांबवता येतं.

नर्मदातीर

मंगळवारचा हिशेब मांडतो.

स्टॅच्यू ऑफ युनिटी साधारण 90 किलोमीटर, डभोई-तिलकवाडा मार्गे 2 तास. पुतळा 182 मीटर, छातीच्या उंचीवरच्या गॅलरीत जायचं तिकीट वेळेच्या स्लॉटप्रमाणे मिळतं. ते आधी ऑनलाइन काढा. तिथे जाऊन काढू म्हटलं की गॅलरीचे स्लॉट संपलेले असतात आणि नुसतं पायथ्याचं तिकीट हातात येतं. स्लॉट 11 ते 12 च्या दरम्यानचा घ्या, त्याच्या आधीचा नको, कारण 38 माणसं ठरलेल्या वेळी गाडीत बसत नाहीत. 7 ची वेळ द्या, गाडी साडेसातला हलेल. चहा-नाश्ता पुड्यांत बांधून गाडीतच द्या, वाटेत थांबलात की 40 मिनिटं गेली. आपल्या गाड्या पार्किंगला लावून पुढे तिथल्या बसने जायचं असतं, त्याचाही वेळ धरा. गॅलरीत मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत, त्या गाडीतच राहू द्या.

आता माझं आग्रहाचं सांगणं. पुण्या-नाशिकचे पाहुणे आहेत, त्यांत दत्तभक्त असणारच. केवडियाच्या (स्टॅच्यू आहे ते गाव) अलीकडे वाटेवरच गरुडेश्वर लागतं. टेंबेस्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची समाधी तिथे आहे, 1914 ची. सिंधुदुर्गातल्या माणगावचा माणूस नर्मदेच्या काठी येऊन विसावला, त्या जागेवरून गाडी न थांबवता पुढे गेल्याचं कळलं तर ज्येष्ठांना हळहळ वाटेल. जाताना थांबा, येताना नको. सकाळी साडेनऊला पोचता, दर्शनाला अर्धा तास पुरतो. घाटाच्या पायऱ्या खूप आहेत, ज्यांना नदीपर्यंत उतरायचं नाही त्यांनी वरूनच नर्मदा बघावी.

परत निघायची वेळ 3. संध्याकाळचा लेझर शो बघायचा मोह होतो, तो सोडा. शो संपल्यावर सगळ्या गाड्या एकदम निघतात, आणि साडेदहाची ट्रेन धरताना सामान, हॉटेलचा हिशेब, जेवण सगळंच अंगावर येतं. 3 ला निघून साडेपाच-सहाला बडोदा, मग निवांत.

रंगमहाल वाडी

गरुडेश्वर लक्षातच नव्हतं, नक्की घेतो. शनिवारसाठी कोणी सांगेल का? आणि 38 माणसांना 17 सीटच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक मोटार पुरेल ना?

लहेरीपुरा

मंगळवारी नाही पुरणार. 17 सीटच्या गाडीत 14 माणसं धरा, बाकी जागा पिशव्या, औषधं, मुलांचे कपडे घेतात. दोन ट्रॅव्हलर आणि दोन मोठ्या मोटारी सांगा. मोटारी ज्येष्ठांसाठी, म्हणजे कोणी दमलं तर एक मोटार लवकर परत फिरते, सगळ्यांना थांबावं लागत नाही.

शनिवारी दोन तुकड्या करा.

मुलांची तुकडी कमाटीबागेत. सयाजीगंजातून पायी जाता येतं. बागेतल्या म्युझियममध्ये दुपारी 3 च्या आत शिरा, बाग रात्रीपर्यंत चालू असते, म्युझियम नसतं. तिथला देवमाशाचा सांगाडा 70 फुटांहून लांब आहे, 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला मासा. मुलं त्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत पावलं मोजतात. इजिप्तची ममीही आहे. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन धातुमूर्ती बघाव्यात, त्या इथल्याच मातीत सापडल्या. बागेत संकल्पभूमीही आहे, 23 सप्टेंबर 1917 रोजी बाबासाहेब बडोद्यात राहायला जागा न मिळाल्यानं जिथे झाडाखाली बसले होते ती. नागपूरकरांना ती आवर्जून दाखवा. विश्वामित्रीच्या काठाकडे मात्र मुलांना उतरू देऊ नका, नदीत मगरी आहेत, खऱ्याच.

बागेजवळच कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आत आहेत, गंगावतरण आणि मीरेच्या आयुष्याचं. दालनाला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, पहारेकऱ्याला विचारा.

दुसरी तुकडी शहरात. ट्रॅव्हलर पोळांत (जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत) शिरत नाही, सूरसागर तलावाशी उतरवा आणि चालकाचा नंबर प्रत्येकाकडे द्या. आधी रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा, तो संध्याकाळी बंद होतो. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा, भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं, कृष्णलीला आणि मराठ्यांच्या इंग्रजांशी झालेल्या लढायाही. जिना अरुंद आहे, फ्लॅश मारू नये. मग न्यायमंदिरावरून मंगळबाजार.

बांधणीचं एक सांगते. खरी बांधणी दुकानात चुरगळलेली दिसते, कारण गाठी सोडल्या तरी कापड टिंबाटिंबाला उंचावलेलं राहतं. बोट फिरवलं की खडबडीत लागतं, टिंबंही थोडी लहानमोठी असतात. सगळी टिंबं एकसारखी, कापड सपाट, म्हणजे छापील. इस्त्री केलेली बांधणी दाखवली तर पदराचं टोक ताणून बघा. आणि "पाटणचं पटोळं" म्हणून हजारांत काही दाखवलं तर ते राजकोटचं एकेरी इकत (फक्त एका दिशेचे धागे आधी रंगवून विणलेलं) असतं. वाईट नसतं, पण नाव ते नाही. पाटणचं दुहेरी विणलेलं पटोळं लाखाच्या घरात जातं आणि दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं.

खायचं म्हणाल तर शनिवारीच सेव उसळ खाऊ द्या. वाटाण्याची उसळ, वर लाल तिखट तरी, शेव आणि पाव. मिसळीच्या सवयीनं पुणेकर तरी जास्त मागतात आणि इथली तरी पोटाला जड जाते, म्हणून पहिली वाटी अर्धीच घ्यावी. रविवारी रात्री मुळीच नको, दुसऱ्या दिवशी लग्न आहे.

दांडियाबाजार

वरच्यात एक भर. परतीला लीलो चिवडा नेणार असतील तर तो मंगळवारी संध्याकाळी ताजा घ्या, शनिवारी नको. तळलेला बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ ओलसर असते, तेल सुटतं. पुडा दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. साड्यांच्या बॅगेत ठेवला की नव्या बांधणीवर पिवळा डाग घेऊन घरी पोचतो.