मदत हवी आहे: रीसेट बटण दाबून काहीच होत नाही, डीटीएसमध्ये नाव बदलून झालं

मुलुंड_८० | रात्री ९:५२
राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टीम) चढवलंय. सगळं चालतं, फक्त रीसेट बटण मेलंय. डीटीएसमध्ये (बोर्डावर काय कुठल्या पिनला जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाईल) बटणाचं नाव बदललं, पुन्हा बिल्ड केलं, फ्लॅश केलं. ५ सेकंद दाबलं, १० सेकंद दाबलं, ढिम्म. नोडचं (त्या फाईलमधल्या बटणाच्या नोंदीचं) नाव ‘बटन-रीसेट’ हवं, ‘की-रीसेट’ हवं का नुसतं ‘रीसेट’? प्रत्येक फाईलमध्ये वेगळंच दिसतं. (फाईलमधले शब्द देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.) उद्या सकाळी बॉक्स परत द्यायचाय, लवकर सांगा.

गिरगाव_टर्मिनल | ९:५८
चिप कोणती? पिन कोणता? आणि ‘नाव बदललं’ म्हणजे नोडचं, लेबलचं (दाखवायचं नाव) का कोडचं (बटण कोणतं ते सांगणारा आकडा)? तिन्ही वेगळी आहेत.

मुलुंड_८० | १०:०१
एमटी७६२१, पिन १८, ॲक्टिव्ह लो (दाबलं की पिन लो, म्हणजे शून्य). शेजारच्या मॉडेलची फाईल उचलली आणि नोड व लेबल दोन्ही बदलले.

तांब्याची_तार | १०:०४
१८ असेल तर पिनमक्स (पिन कोणत्या कामाला लावलाय ती सेटिंग) बघा. ७६२१ वर तो पिन मुळात वॉचडॉगचा (अडकलेली सिस्टीम रीसेट करणाऱ्या टायमरचा) असतो. स्टेट_डिफॉल्टमध्ये ‘डब्ल्यूडीटी’ ग्रुपला ‘जीपीआयओ’ (साधा इन-आउट पिन) फंक्शन दिलं नसेल तर कितीही दाबा, काही कळणार नाही. शंभर टक्के हेच.

लॅमिंग्टन_रोड | १०:०९
डीटीएस कशाला उघडता? दर सेकंदाला पिन वाचणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाका, शून्य आलं की सेटिंग पुसा. काम झालं.

गिरगाव_टर्मिनल | १०:१४
@लॅमिंग्टन_रोड, नका सांगू असं. पिन ड्रायव्हरने आधीच धरलेला असतो, सिसएफएसमधून (कर्नल पिन वगैरे फाईलींसारखे दाखवतो ती जागा) एक्सपोर्ट करायला गेलात की ‘बिझी’ येतं. शिवाय बटणाची खरी गरज बूट होताना फेलसेफला (तुमची सेटिंग बाजूला ठेवून चालणारा दुरुस्तीचा मोड) लागते, आणि तुमची स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

@मुलुंड_८०, अंदाज बाजूला ठेवा, चालू राउटरला विचारा. /सिस/कर्नल/डीबग/जीपीआयओ ही फाईल कॅट करा, मग बटण दाबून धरा आणि पुन्हा करा. १८ समोर ‘हाय’चं ‘लो’ झालं तर पिनमक्स ठीक आहे. मग हेक्सडंप -सी लावून /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/कीज/ खाली तुमच्या नोडमधली ‘लिनक्स,कोड’ फाईल बघा. चार बाइट असतील, ते इथे टाका.

मुलुंड_८० | १०:२३
हायचं लो होतं. चार बाइट: ०० ०० ०२ ११

गिरगाव_टर्मिनल | १०:२७
सापडलं. हेक्समधला २११ म्हणजे ५२९, म्हणजे की_डब्ल्यूपीएस_बटन (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायचं बटण). उचललेल्या फाईलमधला कोड तसाच राहिलाय.

ओपनडब्ल्यूआरटीत नोडचं नाव आणि लेबल यांच्यावर बटणाचं वागणं ठरत नाही. जीपीआयओ-बटन-हॉटप्लग मॉड्यूल फक्त कोड बघतं. त्याच्याकडे यादी आहे: की_रीस्टार्ट आला की ‘रीसेट’, की_डब्ल्यूपीएस_बटन आला की ‘डब्ल्यूपीएस’, की_आरएफकिल (वायरलेस बंद-चालू) आला की ‘आरएफकिल’. त्या नावाची फाईल /ईटीसी/आरसी.बटन/ मधून चालते. तुम्ही इतका वेळ डब्ल्यूपीएस दाबत होतात. कोड की_रीस्टार्ट करा (हेक्स १९८), वर इनपुट.एच (या कोडांच्या नावांची फाईल) इन्क्लूड आहे ना बघा, नाहीतर कंपाइलर तिथेच अडेल.

वर्सोवा_एलईडी | १०:३१
एलईडीला लेबल देऊ नका, ते जुनं झालं. ‘फंक्शन’ आणि ‘कलर’ द्या, नाव कर्नल स्वतः बनवतो.

मुलुंड_८० | १०:३२
एलईडीचं कोणी विचारलंय? बिल्ड लावलंय.

तांब्याची_तार | १०:३८
पिनमक्सचं मागे घेतो. पण नोडच्या नावाचा प्रश्न राहिला. ‘की-रीसेट’ लिहा, कारण ड्रायव्हरच जीपीआयओ-कीज आहे.

गिरगाव_टर्मिनल | १०:४४
कर्नलच्या स्कीमाला (डीटीएस तपासायच्या नियमांना) बटन, की, स्विच, इव्हेंट हे चारही शब्द चालतात, पुढे हायफन देऊन. नुसतं ‘रीसेट’ डीटीबीएस_चेक या तपासणीत अडकतं. दाबून सोडायचं ते ‘बटन-रीसेट’ आणि सरकवायचं ते ‘स्विच-मोड’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला पेटी न बघता कळतं, म्हणून मी ‘बटन’च म्हणेन. जुन्या फाईलींतलं ‘बटन@०’ उचलू नका. ‘रेग’ (पत्त्याची ओळ) नसताना ॲट आणि आकडा लावला की इशारा येतो. नोडच्या नावात हायफन, आणि कोलनच्या आधीच्या लेबलात (हे वरच्या लेबलपेक्षा वेगळं) अंडरस्कोर, तिथे हायफन चालतच नाही.

मुलुंड_८० | ११:२०
आता प्रत्येक बूटला फेलसेफमध्येच जातोय! बटणाला हातही लावला नाही.

गिरगाव_टर्मिनल | ११:२२
ॲक्टिव्ह लोला हात लावला होता का?

मुलुंड_८० | ११:२५
हो, संध्याकाळी हाय करून बघितलं होतं. या बिल्डमध्ये तेच गेलं.

गिरगाव_टर्मिनल | ११:३१
मग बरोबर आहे. पुल-अपमुळे (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) मोकळा पिन हाय असतो, म्हणून ड्रायव्हरला बटण दाबलेलंच दिसतं. बूटच्या वेळी दाबलेलं बटण म्हणजे फेलसेफ.

उलट्या पोलॅरिटीत (हाय-लो उलटं दिलं की) आणखी एक मोठा धोका आहे. रीसेटची स्क्रिप्ट ‘सोडलं’ या घटनेवर चालते आणि मधले सेकंद मोजते: १ पेक्षा कमी असतील तर रीबूट, ५ किंवा जास्त असतील तर सगळी सेटिंग साफ, मधल्या वेळात काहीच नाही. उलट जोडलं की बोट टेकताच ‘सोडलं’ जातं, आणि मोजणी मागच्या घटनेपासून झालेली असते. म्हणजे नुसत्या स्पर्शाने सेटिंग पुसली जाईल. लो करा, मगच बॉक्स परत द्या.

लॅमिंग्टन_रोड | ११:३६
सिरियल (राउटरचा तारेने जोडायचा कन्सोल) लावून बघा. लॅमिंग्टन रोडला यूएसबी-टीटीएल अडॅप्टर मिळेल, ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टने पिन जाईल. टीएक्स, आरएक्स, ग्राउंड एवढंच जोडा, पॉवरची तार मोकळी ठेवा.

मुलुंड_८० | १२:०८
लो केलं. इनिट्रॅमएफएसवर (फक्त रॅममधून चालणारी इमेज) टाकून ६ सेकंद दाबलं, तरी पुसलं नाही?

गिरगाव_टर्मिनल | १२:१०
तिथे ओव्हरले (सेटिंग साठवणारा फ्लॅशचा भाग) नसतो, त्यामुळे स्क्रिप्ट पुसायला जात नाही. फ्लॅश करून बघा.

मुलुंड_८० | १२:२६
झालं. सहा सेकंदांनी सोडलं आणि सगळं कोरं. मनापासून आभार. पेटीवर ‘मेश’चंही बटण आहे, त्याला कोणता कोड?

गिरगाव_टर्मिनल | १२:३३
बीटीएन_० द्या, यादीत ० ते ९ आहेत. यादीबाहेरचा कोड दिलात तर घटना बाहेरच येत नाही. /ईटीसी/आरसी.बटन/ मध्ये त्याच नावाची फाईल करा, अक्षरं कॅपिटलच, आणि चमोड +एक्स (फाईल चालवायची परवानगी) विसरू नका.