मदत हवी आहे : भिंतीवरच्या उजळणाऱ्या गोलाचे ठिपके कसे घालवावेत?

मंडळी, वास्तुशांतीला भेट द्यायला भिंतीवर लावायचा उजळणारा गोल करतोय. पुढे ६ मिमी प्लायची ६० सेंमी व्यासाची जाळी, मागे बांबूच्या कमचीचं ५६ सेंमीचं कडं. कड्याच्या बाहेरच्या अंगाला १२ व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे. पट्टी सपाट प्लायवर गोल वळत नाही, आडवी ताणली की आतलं तांबं तुटतं. म्हणून कडं लागतंच. पट्टी दर ५ सेंमीवर कापता येते; घेर पावणेदोन मीटर, म्हणजे असे ३५ भाग नेमके बसतात. मीटरला ४.८ वॅटप्रमाणे साडेआठ वॅट, सुमारे ०.७ अँपिअर.

खरी अडचण भिंतीची. ती ऑइलपेंटची, चकचकीत आहे. चुन्याच्या भिंतीवर हाच उजेड एकसंध पसरतो, इथे मात्र एकेक दिवा आरशात दिसावा तसा सुटा दिसतो. भिंत रंगवणं शक्य नाही. कड्यावर दुधी ॲक्रिलिक लावू, की सीओबी पट्टी (बारीक दिवे अगदी खेटून, वर सलग थर असलेली) घेऊ? सीओबीत ठिपके नसतात, पण ती सहसा वीज जास्त खाते, आणि खेड्यात लोडशेडिंग आहेच.

त्यासाठी वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस जोडायचा विचार आहे. असा कुणी चालवलाय का? लाइट गेल्यावर उजेड किती वेळ टिकतो, मंद होतो का?

शिवाय टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात पट्टीचा गोंद सुटतो. चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं तर ते तांबं खातं, ते नको. न्यूट्रल सिलिकॉन यवतमाळ किंवा वणीत कुठे मिळेल?