वयस्क कुत्रीचे दात भूल देऊन साफ करून घ्यावेत की नाही? मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्याकडे चिंगी नावाची पॉमेरेनियन कुत्री आहे. तिचे वय ११ वर्षे आहे. ती मूळची आमच्या एका वयोवृद्ध नातेवाइकांची. त्यांच्याने तिचे करणे होईनासे झाले तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली, त्यामुळे तिच्या दातांचा पूर्वेतिहास आम्हाला ठाऊक नाही. एरवी तिची तब्येत चांगली आहे, फिरायला ती उत्साहाने येते, वजनही कमी झालेले नाही. तोंडाची अवस्था मात्र वाईट आहे आणि उपचार कसे करावेत याबाबत आम्हाला तीन ठिकाणी तीन वेगवेगळी मते मिळाली आहेत. ज्यांना या वयाच्या प्राण्यासाठी असा निर्णय घ्यावा लागला त्यांचे, तसेच या विषयातील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी लक्षणे सांगते. तिच्या तोंडाला इतका उग्र वास येतो की ती शेजारी येऊन बसली तरी जाणवतो. वरचा ओठ हलकेच उचलला की मागच्या मोठ्या दाढेवर पिवळट-तपकिरी कीटणाचे कवच दिसते. ते एवढे जाड आहे की दाढेचा मूळ आकार कळत नाही, आणि ते जिथे हिरडीला टेकते तिथे लालभडक रेघ उमटलेली आहे. ओला कापूस फिरवला तरी त्या रेघेतून रक्त येते. खालच्या जबड्यातले समोरचे दोन बारीक दात जिभेच्या धक्क्यानेही हलतात. कोरड्या खाद्याचा दाणा ती तोंडात घेते, खाली टाकते, मान एका बाजूला कलती करून पुन्हा उचलते आणि न चावताच गिळते. खाणे तिने कधीच सोडलेले नाही, म्हणूनच तिला दुखत असेल का हे आम्हाला ठरवता येत नाही. शिवाय तिला अधूनमधून शिंका येतात आणि डाव्या नाकपुडीतून थोडे पाणी येते. त्याचा दातांशी संबंध नसावा असे वाटते, पण माहिती अपुरी राहू नये म्हणून नोंदवते.

पहिल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा हिरड्यांचा आणि दातांभोवतीच्या हाडाचा आजार आहे. पूर्ण भूल द्यावी, दातांचे एक्स-रे काढावेत, हिरडीच्या वरची आणि खालची सफाई करावी आणि जे दात वाचण्यासारखे नाहीत ते काढून टाकावेत, असा त्यांचा सल्ला आहे. त्यांनीच हृदयाचे ठोके ऐकताना सहापैकी दुसऱ्या श्रेणीची मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत येणारा जादा सळसळता आवाज, असल्याचे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, या वयात हृदयाची तक्रार असताना भूल देण्याचा धोका पत्करू नये, मऊ खाणे द्यावे आणि त्रास वाढेल तेव्हा प्रतिजैविके द्यावीत. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी वास बराच कमी झाला, पण औषध संपल्यावर तो परत आला. तिसरे मत प्राण्यांचे केस कापून देणाऱ्या एका केंद्राचे आहे. भूल न देता, तिला धरून ठेवून, अर्ध्या तासात सगळे कीटण खरवडून काढू असे ते म्हणतात. त्यांनी दाखवलेल्या छायाचित्रांत दात खरोखरच पांढरेशुभ्र दिसत होते.

माझ्या वाचनात आले त्याप्रमाणे कुत्र्याला ४२ कायमचे दात असतात. जेवणानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर बसू लागतो आणि तो रोज घासून काढला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत टणक होऊ लागतो. नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती सफाईनंतर पूर्ववत होते, परंतु दाताला धरून ठेवणारे हाड एकदा झिजले की ते भरून येत नाही. हे खरे असेल तर चिंगीच्या बाबतीत वाट पाहण्याने काय साधणार आहे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. भुलेचा धोका आणि काहीच न करण्याचा धोका यांची तुलना कशी करावी? भूल देण्याआधी कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा, आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, म्हणजे त्यांच्याकडची व्यवस्था पुरेशी आहे हे आमच्यासारख्यांना कळेल? भूल न देता केलेल्या सफाईचा निदान तात्पुरता तरी उपयोग होतो का? आणि इतके दात काढल्यावर ती खाणार कशी, ही घरातल्या सगळ्यांची काळजी आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी पशुवैद्य असून माझ्या कामाचा मोठा भाग कुत्र्या-मांजरांच्या दातांशी संबंधित आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा लेखी सल्ला घेऊ शकत नाही, तरीही आपण लक्षणे इतकी नीट टिपली आहेत की काही गोष्टी खात्रीने सांगता येतील.

शिंकांपासून सुरुवात करतो, कारण आपण ज्याचा संबंध नसावा असे म्हटले आहे तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वरच्या सुळ्याचे मूळ लांब आणि वाकडे असते आणि ते व नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. सुळ्याच्या आतल्या, म्हणजे टाळूच्या बाजूने संसर्ग खोलवर गेला की तो पडदा झिजतो आणि तोंड व नाक यांच्यात छिद्र पडते. ओठ उचलून पाहिल्यावर असा सुळा बाहेरून बरा दिसू शकतो. एकाच नाकपुडीतून पाणी येणे आणि शिंका ही त्याची नेहमीची खूण आहे. नाकाच्या इतर आजारांतही असे होऊ शकते, पण हिरड्यांची ही अवस्था असताना डावा सुळा भुलेखाली बारीक सळईने तपासलाच पाहिजे. ही सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजते. कुत्र्यात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असणे ठीक समजले जाते. असे छिद्र गोळ्यांनी बुजत नाही. दात काढून वर हिरडीचा पदर ओढून शिवावा लागतो.

काहीच न करण्याचा दुसरा धोका लहान चणीच्या कुत्र्यांत विशेष असतो. त्यांच्या खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ जबड्याच्या मानाने फार मोठी असते, तिची मुळे हाडाच्या खालच्या कडेजवळ पोचलेली असतात. तिच्याभोवतीचे हाड संसर्गाने खाल्ले गेले की किरकोळ उडी मारतानाही जबडा मोडू शकतो. मधुमेहासारखा आजार असेल तर हिरड्यांच्या संसर्गामुळे साखर आटोक्यात ठेवणेही कठीण जाते.

ती खाते आहे म्हणजे दुखत नाही असे कृपया समजू नका. कुत्री आणि मांजरे दुखणे लपवून खात राहतात. दाणा टाकून पुन्हा उचलणे, मान कलती करणे, न चावता गिळणे ही वेदनेचीच भाषा आहे.

आता हृदयाबद्दल. लहान जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन मर्मर ऐकू येणे हे नेहमीचे आहे. मर्मर आहे एवढ्यावरून भूल नाकारणे योग्य नाही, आणि ती सौम्य ऐकू येते एवढ्यावरून निश्चिंत होणेही योग्य नाही. हृदयाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून हृदय वाढले आहे का ते पाहावे, सोबत रक्तदाब मोजावा आणि रक्त-लघवीची तपासणी करून मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती समजून घ्यावी. हृदय वाढलेले नसेल तर काळजीपूर्वक दिलेली भूल बहुतेक कुत्री नीट सोसतात. वाढलेले असेल तर आधी औषधोपचार करून मग पुन्हा निर्णय घेता येतो. वय हा स्वतंत्र आजार नाही.

डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हा असावा की, दातांवर काम करणाऱ्या व्यक्तीखेरीज भुलेवर लक्ष ठेवणारी दुसरी व्यक्ती सुरुवातीपासून प्राणी शुद्धीवर येईपर्यंत तिथे असेल का. माझ्या मते बाकी सगळ्या यंत्रांपेक्षा हे जास्त मोलाचे आहे. श्वासनलिकेत फुग्याची नळी घातली जाते ना, हेही विचारा, कारण सफाईच्या वेळी पाणी आणि जिवाणूंनी भरलेला कचरा घशात उतरतो आणि ती नळी फुप्फुसांचे रक्षण करते. शिरेतून सलाइन, रक्तदाब, ऑक्सिजन आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची सतत नोंद, तसेच अंग गरम ठेवण्याची सोय असावी. इतका लहान प्राणी तोंडात सतत पाणी पडत असताना लवकर गार पडतो. जबड्याच्या नसांना बधिरता देणारे इंजेक्शन दिले तर मुख्य भूल कमी लागते आणि जाग आल्यावर वेदनाही कमी असतात. दातांचे एक्स-रे मात्र टाळू नयेत, कारण दाताचा मोठा भाग हिरडीखाली असतो आणि कोणता दात ठेवायचा हे वरून पाहून ठरवता येत नाही. काम लांबणार असे दिसले तर ते दोन वेळांत विभागावे.

भूल न देता खरवडण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: करू नये. जागा प्राणी हिरडीखाली अवजार घालू देणार नाही आणि आजार तर तिथेच आहे. वरचे कीटण निघाल्याने दात पांढरे दिसतात, आपण समाधानी होतो आणि आतला संसर्ग तसाच चालू राहतो. खरवडलेला पृष्ठभाग गुळगुळीत केला नाही तर त्यावर नवा थर आणखी लवकर बसतो. दुखऱ्या तोंडाच्या कुत्रीला दाबून धरून टोकदार अवजार चालवणे हे तिच्यासाठी भयंकर आहे आणि त्यात इजाही होऊ शकते. अमेरिकन वेटरनरी डेंटल कॉलेज या दंतवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेनेही भुलेविना सफाई योग्य नसल्याची भूमिका घेतली आहे. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. वास कमी झाला तो जिवाणू तात्पुरते दबल्यामुळे. त्यांचा थर आणि कीटण जागेवरच राहिले, म्हणून तो परतला.

प्रतिसाद २

माझा अनुभव मांजराचा आहे, पण दात काढल्यावर खाणार कशी या आपल्या काळजीसाठी उपयोगी पडेल. आमच्या बोक्याच्या सगळ्या तोंडाला, अगदी घशाच्या कडांपर्यंत, तीव्र सूज होती. त्याला खाण्याची इच्छा असायची, तो वाटीपर्यंत यायचा आणि पहिला घास घेताच ओरडून पळून जायचा. अनेक औषधे झाल्यावर त्याचे सुळ्यांमागचे सगळे दात काढावे लागले. जखमा भरल्यावर तो पूर्वीपेक्षा चांगला खाऊ लागला आणि अंगाची निगा राखणे त्याने सोडले होते तेही पुन्हा सुरू केले. दात नसण्यापेक्षा दुखरे दात असण्याने प्राण्याचे जास्त हाल होतात, असे मी पाहिले आहे. एक विनंती मात्र आहे: तिला दुखते आहे म्हणून घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शिंकांचा उलगडा झाल्यावर आमचा निर्णय बराचसा झालाच. भुलेविना सफाईचा विचार आम्ही सोडला आहे आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेण्याचे ठरवले आहे. पहिल्या डॉक्टरांना भुलेच्या व्यवस्थेबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी न कंटाळता सगळे दाखवले आणि भुलेवर लक्ष ठेवणाऱ्या सहकाऱ्यांची भेटही घालून दिली. आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तोवरच्या काळात तिच्या दातांना ब्रश लावावा का? आणि उपचारानंतर निगा कशी राखावी, विशेषतः जिला ओठाला हात लावलेलाही आवडत नाही अशा कुत्रीची?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

आता ब्रश लावू नका. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर ब्रश म्हणजे वेदना हे तिच्या मनात पक्के बसेल आणि पुढे ती तोंडाला हात लावू देणार नाही. कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या. हाडे, शिंगे, खूर, बर्फाचे तुकडे असले काहीही चघळायला देऊ नका. नख रुतत नाही एवढी कठीण वस्तू दाढेचा कपचा उडवू शकते, आणि हे नंतरही लक्षात ठेवावे.

दात काढल्यावर साधारण दोन आठवडे मऊ खाणे द्यावे आणि खेळताना दोरी किंवा कापड ओढू देऊ नये. टाके आपोआप विरघळतात, तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी तोंड दाखवून आणावे. नाकाचे छिद्र शिवले असेल तर शिंका पुन्हा सुरू होतात का यावर लक्ष ठेवावे, कारण टाका निसटल्याची ती पहिली खूण असते.

जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर ब्रशची सवय लावायला सुरुवात करा. आरंभी ब्रश आणूच नका. तिला आवडणाऱ्या चवीची, प्राण्यांसाठीच केलेली पेस्ट बोटावर चाटू द्या. ती आनंदाने चाटू लागली की तेच बोट ओठाच्या आतून दातांवर फिरवा, पुढे बोटाला मऊ कापड गुंडाळा आणि शेवटी लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. तिने तोंड वळवले तर त्या दिवशी तिथेच थांबा. तोंड उघडण्याची गरज नाही. ओठ उचलून दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुरते, कारण कीटण मुख्यतः तिथेच साचते. माणसांची पेस्ट वापरू नये. कुत्री ती गिळते, आणि तिच्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर एकदम घसरते.

ब्रश रोज व्हायला हवा. थर दोन-तीन दिवसांत टणक होऊ लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा केलेल्या घासण्याचा फारसा उपयोग नाही. ब्रश जमलाच नाही तर चघळण्याच्या वस्तू किंवा पाण्यात घालायची औषधे निवडताना वेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यता असलेली उत्पादने पाहावीत. ती ब्रशची बरोबरी करत नाहीत, पण थर कमी करतात एवढे त्यांच्या चाचण्यांत दिसलेले असते. आणि उपचाराच्या दिवशी काढलेले एक्स-रे व कोणते दात काढले त्याचा तक्ता मागून घ्या. पुढच्या तपासणीत उरलेल्या दातांची तुलना त्यावरूनच करता येते.